विश्लेषण : विरघळणाऱ्या बुबुळाला जैविक ठिगळ! प्राण्यांची दृष्टी वाचवणारी ही शस्त्रक्रिया नेमकी काय?

म्हैस व्याल्यावर पुरून टाकली जाणारी वार, डुकराचे आतडे, हृदयावरचे आवरण, माशाची कातडी... कचऱ्यात जाणाऱ्या या गोष्टी आज कुत्रा, मांजर आणि घोड्याच्या फाटत चाललेल्या बुबुळावर ठिगळ म्हणून लावल्या जातात. विदर्भात, जिथे पगपासून बैलापर्यंत आणि बैलापासून बिबट्यापर्यंत सगळेच डोळे पशुवैद्याकडे येतात, तिथे या तंत्राचा उपयोग कितपत?

नागपुरात होळी आटोपली की माळ्यावरचे कूलर खाली येतात आणि कोरड्या हवेचे दिवस सुरू होतात. चपट्या तोंडाच्या, बाहेर आलेल्या डोळ्यांच्या कुत्र्यांसाठी हे दिवस काही चांगले नाहीत. बहुतेक प्रकरणांची सुरुवात अगदी साधी असते. सकाळी कुत्रा एक डोळा मिचकावतो, पंजाने चोळतो, पाणी गळते. घरात कोणाच्या तरी मोतिबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेली थेंबांची बाटली असते. ती माणसाच्या डोळ्याला चालते, तर कुत्र्याच्या का नाही, म्हणून दोन दिवस तेच थेंब घातले जातात. लाली कमी झाल्यासारखी वाटते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मात्र बुबुळावर पिवळट, जेलीसारखा थर दिसू लागतो आणि मग धावपळ होते. त्या बाटलीत बहुधा स्टेरॉइड असते. जखम असलेल्या बुबुळावर स्टेरॉइड घालणे म्हणजे आगीत तेल ओतणे. अशा वेळी डोळा वाचवायला काही तासच उरलेले असतात.

पारपटल ‘विरघळते’ म्हणजे काय?

डोळ्याच्या अगदी पुढे घड्याळाच्या काचेसारखा जो पारदर्शक भाग असतो, त्याला कॉर्निया किंवा पारपटल म्हणतात. बोलीभाषेत आपण त्याला सरसकट बुबुळ म्हणतो. कुत्र्यात त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर किंवा थोडी जास्त असते. बैल आणि घोड्यात ते आणखी जाड असते. वर पेशींचा पातळ थर, मधे कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंची शिस्तीत रचलेली गादी, त्याखाली डेसिमेट नावाचा एक नाजूक पडदा आणि सर्वांत आत पेशींची एकच ओळ. जाडीचा सुमारे नव्वद टक्के भाग मधल्या गादीचा. तिच्यात एकही रक्तवाहिनी नसते, म्हणून तर ती पारदर्शक. पण हीच तिची अडचणही आहे. जखम झाली की दुरुस्तीचे सामान घेऊन येणारे रक्त तिथपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. कडेकडून नव्या रक्तवाहिन्या शिरायला सुरुवात व्हायलाच तीन-चार दिवस जातात आणि त्यानंतर त्या दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर पुढे सरकतात.

फक्त वरचा थर खरचटला असेल तर काळजीचे कारण नसते. जंतुसंसर्ग झाला नाही, तर आठवडाभरात तो आपोआप भरून येतो. जखमेत स्यूडोमोनाससारखे जिवाणू शिरले की चित्र पालटते. हे जिवाणू कोलॅजेन पचवणारी विकरे सोडतात. त्यांच्याशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशीही तसलीच विकरे सोडतात आणि जखमी पारपटलाच्या स्वतःच्या पेशीही त्यात भर घालतात. परिणामी गादीचे तंतू अक्षरशः विरघळू लागतात. पशुवैद्य याला ‘मेल्टिंग अल्सर’ म्हणतात. सकाळी उथळ वाटणारी जखम दुसऱ्या दिवशी आरपार होऊ शकते. स्टेरॉइड ही विकरे आणखी चेतवते आणि जंतूंशी लढणारी प्रतिकारशक्ती मंदावते. घरातल्या बाटलीचा धोका तो हाच.

जखम किती खोल गेली हे ओळखण्याची एक जुनी, स्वस्त युक्ती आहे. फ्लुओरेसीन या नारिंगी रंगाची कागदी पट्टी ओली करून डोळ्याला लावायची आणि निळ्या प्रकाशात बघायचे. उघड्या पडलेल्या गादीला रंग चिकटतो आणि ती हिरवी चमकते. डेसिमेट पडद्याला मात्र हा रंग चिकटत नाही. त्यामुळे हिरव्या कड्याच्या मधोमध एक काळा, स्वच्छ ठिपका दिसला, तर तिथे सगळी गादी संपलेली आहे आणि डोळा एका पडद्यावर टिकून आहे, असा त्याचा अर्थ. अनेकदा मालकाला हा ठिपका सुधारणेची खूण वाटतो. प्रत्यक्षात एक जोराची शिंक, गळ्यातल्या पट्ट्याचा एक हिसका आणि डोळा फुटू शकतो.

कोणते प्राणी, कोणत्या जखमा?

शहरात पहिला मान पग आणि शिह त्झूचा. २००३च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतल्या मुलामागे चालणाऱ्या पगने भारतभर या जातीची हौस वाढवली. त्या चेहऱ्याची किंमत डोळे चुकवतात. खोबणी उथळ, डोळे बटाट्यासारखे बाहेर, पापण्या पूर्ण मिटत नाहीत, नाकावरच्या घडीतले केस बुबुळाला घासतात आणि बुबुळाची संवेदनाही इतर कुत्र्यांपेक्षा कमी असते. म्हणजे काही खुपले तरी उशिरा कळते. त्यात अश्रू कमी तयार होण्याचा आजार जडला की जखम ठरलेलीच. कागदी पट्टी पापणीत अडकवून मिनिटभरात ती किती भिजते हे मोजतात. पंधरा मिलिमीटर किंवा जास्त ठीक, दहाच्या खाली असेल तर डोळा कोरडा.

पर्शियन मांजरांची तऱ्हा वेगळी. त्यांच्या पारपटलावर कधी कधी एक तपकिरी-काळा चकंदळ तयार होतो. तो मेलेल्या उतीचा असतो आणि कापून काढावा लागतो. काढल्यावर जो खड्डा उरतो, तो भरायला काहीतरी लागते.

गावाकडे कारणे शेतातलीच. पऱ्हाटी किंवा तुराटीचे टोक, कुसळ, बाभळीचा काटा, शेजारच्या बैलाचे शिंग. माश्यांमार्फत पसरणारा डोळे येण्याचा जिवाणूजन्य आजार आणि डोळ्यातले कृमी हेही आहेतच. ‘बैलाच्या डोळ्यात फूल पडले’ हे वाक्य विदर्भातल्या कोणत्याही पशुवैद्यकीय दवाखान्यात नवे नाही. हे फूल म्हणजे बहुतेक वेळा भरून आलेल्या किंवा भरत असलेल्या जखमेचा पांढरा डाग. त्यावर मीठ किंवा तंबाखूचे पाणी मारण्याचा जुना उपाय अजून पूर्ण गेलेला नाही. डाग जात नाही, जखम मात्र वाढते.

आणि नागपूर म्हटले की वन्यप्राणी आलेच. सेमिनरी हिल्सचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आणि गोरेवाड्याचे बचाव केंद्र इथे जखमी बिबटे, वाघ, शिकारी पक्षी येत असतात. शिकाऱ्याचा डोळा गेला की त्याला जंगलात परत सोडायचे की जन्मभर पिंजऱ्यात ठेवायचे, हा प्रश्न उभा राहतो.

आजवर काय केले जायचे?

औषधांनी भागत नाही, जखम पारपटलाच्या निम्म्या जाडीपेक्षा खोल गेली किंवा झपाट्याने विरघळत असली, की शस्त्रक्रिया करावी लागते. त्यातली सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे डोळ्याच्याच पांढऱ्या भागावरची पातळ, रक्तवाहिन्यांनी भरलेली त्वचा बारीक पट्टीसारखी सोडवून, एक टोक जागेवर ठेवून, दुसरे टोक जखमेवर शिवून टाकणे. जणू शेजारच्या पाटातून चारी काढून कोरड्या वाफ्याला पाणी द्यावे तसे. रक्त थेट जखमेपाशी येते, सोबत पेशी आणि विकरांना आवरणारी द्रव्ये आणते. डोळा फुटायच्या बेतात असेल, तर आजही अनेक शल्यविशारद डोळे झाकून हीच पद्धत निवडतील.

तिची किंमत एकच, पण मोठी. ही त्वचा पारदर्शक नसते. काही आठवड्यांनी तिचा देठ कापला तरी बुबुळावर जाड, अपारदर्शक डाग राहतो. जखम कडेला असेल तर फारसे बिघडत नाही. ती बाहुलीच्या बरोबर समोर असेल, तर डोळा वाचतो आणि नजर जाते.

माणसात अशा वेळी नेत्रदानातून मिळालेले पारपटल बसवता येते. प्राण्यांसाठी मात्र आपल्याकडे नेत्रपेढ्यांचे जाळे नाही. मेलेल्या कुत्र्याचे पारपटल वेळेत काढून, तपासून, गोठवून ठेवणारी यंत्रणा उभी करणे हे मोजक्या संस्थांनाच जमू शकते. म्हणूनच पर्याय म्हणून जैविक ठिगळे पुढे आली.

जैविक ठिगळ म्हणजे नेमके काय?

कल्पना अशी. कोणत्याही अवयवात दोन गोष्टी असतात, पेशी आणि त्या पेशींना धरून ठेवणारा सांगाडा. शरीर परक्या उतीवर तुटून पडते ते मुख्यतः परक्या पेशींमुळे. सांगाडा मात्र प्राणिमात्रात बराचसा सारखा, कोलॅजेनचा. मग पेशी धुऊन काढल्या आणि नुसता सांगाडा जखमेवर ठेवला तर? यजमानाच्या पेशी त्यात शिरतात, स्वतःचे कोलॅजेन विणतात आणि जुना सांगाडा हळूहळू विरघळून जातो. घर बांधून झाले की परांची काढून न्यावी तसे.

या कल्पनेचा जन्मही एका कुत्र्यापाशी झाला. स्टीफन बॅडिलॅक हे मूळचे पशुवैद्य; पुढे त्यांनी माणसांच्या वैद्यकाचीही पदवी घेतली. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी एका कुत्र्याच्या महाधमनीचा तुकडा काढून तिथे त्याच्याच लहान आतड्याची नळी बसवली. आतडे रक्ताचा दाब सोसेल अशी कोणाला अपेक्षा नव्हती. कुत्रा जगला. पुढे तपासल्यावर तिथे आतडे उरलेच नव्हते, धमनीसारखी उती तयार झाली होती. मग डुकराच्या लहान आतड्याचा आतला पापुद्रा धुऊन, वाळवून त्याचे पातळ पत्रे बनवले जाऊ लागले. पशुनेत्रवैद्यकासाठी त्याच्या गोल चकत्याही निघाल्या. डुकराच्या मूत्राशयापासूनचा असाच पापुद्रा वापरात आहे. गाईच्या हृदयावरच्या आवरणाचे ठिगळ मांजर आणि कुत्र्यांत वापरल्याचे अनुभव परदेशी शल्यविशारदांनी नोंदवले आहेत.

पेशी ‘धुणे’ हे काम वाटते तितके सोपे नाही. वेगवेगळी अपमार्जके, विकरे आणि पुन्हा पुन्हा पाणी. कमी धुतले तर परक्या पेशींचे अवशेष राहून दाह होतो; जास्त धुतले तर सांगाडाच कमकुवत होतो. एक मिलिग्रॅम कोरड्या उतीत पन्नास नॅनोग्रॅमपेक्षा जास्त डीएनए राहू नये, असा निकष संशोधक सहसा पाळतात.

इथे एक गंमत आहे. डुकराच्या उतीवर ‘अल्फा-गॅल’ नावाची एक साखर असते. माणसात ती नसते, त्यामुळे माणसाचे शरीर तिच्यावर तुटून पडते. कुत्रा, मांजर, घोडा यांच्या शरीरात मात्र ती मुळातच असते. म्हणजे डुकराचे ठिगळ माणसापेक्षा कुत्र्याला कमी परके. प्राण्यांवर आधी प्रयोग करून मग माणसाकडे येण्याची रीत आहे. या एका बाबतीत प्राणी नुसते प्रयोगाचे धनी नाहीत, फायद्यातही आहेत.

वारेचा काय उपयोग?

भारतीय परिस्थितीत सर्वांत जवळचा पर्याय बहुधा हाच आहे. वासरू पोटात असताना पाण्याच्या ज्या पिशवीत असते, तिच्या सर्वांत आतल्या पातळ, दुधी रंगाच्या पडद्याला ॲम्निऑन म्हणतात. वीत झाल्यावर वारेसोबत तोही पडतो आणि पुरला जातो. या पडद्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याचा पायाचा थर पारपटलाच्या पायाच्या थराशी मिळताजुळता असतो, त्यामुळे वरच्या पेशींना त्यावरून सरकत जखम झाकणे सोपे जाते. शिवाय त्यात दाह कमी करणारी, कोलॅजेन पचवणाऱ्या विकरांना रोखणारी आणि व्रण जाड होऊ न देणारी द्रव्ये असतात. माणसाच्या डोळ्यावर वारेतल्या पडद्याचा पहिला वापर १९४० साली झाला. मग ते तंत्र जवळपास विसरले गेले आणि १९९५च्या सुमारास सशांवरच्या प्रयोगांनी ते पुन्हा उजेडात आणले. आज मानवी नेत्ररुग्णालयांत ते नेहमीचे झाले आहे. पशुवैद्यकात घोडा, कुत्रा आणि गाय यांचे पडदे वापरले गेले आहेत. एका जातीचा पडदा दुसऱ्या जातीला चालतो असाच एकंदर अनुभव.

पडदा मिळवायचा तर तो वेगळा करायचा, रक्त जाईपर्यंत धुवायचा, प्रतिजैविकांच्या द्रावणात ठेवायचा आणि ग्लिसरीनमध्ये अतिशीत तापमानाला साठवायचा. महागडी यंत्रे यात फारशी नाहीत. खरी मेख दात्याच्या तपासणीत आहे. आपल्याकडे जनावरांत ब्रुसेलोसिस आहे, आणि त्याचे जिवाणू सर्वाधिक कुठे असतील तर ते गाभडलेल्या गाई-म्हशीच्या वारेत. हा आजार माणसालाही होतो. त्यामुळे गोठ्यातून वार उचलली आणि वापरली असे चालत नाही. रक्ततपासणी झालेली निरोगी मादी आणि शक्यतो सिझेरियनच्या वेळी निर्जंतुक पद्धतीने घेतलेला पडदा, हाच सुरक्षित मार्ग. उघड्या हातांनी वार ओढण्याची सवय असलेल्या पशुपालकांनीही हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

भारतात यावर काम सुरू आहे का?

आहे, पण ते प्रामुख्याने डोळ्यासाठी नव्हते. बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत म्हशीच्या हृदयावरण आणि श्वासपटलापासून, तसेच माशाच्या वाताशयापासून पेशीमुक्त पत्रे बनवण्यावर वर्षानुवर्षे काम झाले आहे. त्यांचा वापर मुख्यत्वे जनावरांच्या हर्नियासाठी आणि जखमांसाठी. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने डुकराच्या पित्ताशयापासून ‘कोलेडर्म’ हा सांगाडा विकसित केला. माणसांच्या त्वचेवरील जखमांसाठी त्याला २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. म्हणजे कच्चा माल, ज्ञान आणि धुण्याचे तंत्र देशात आहे. पारपटलासाठी योग्य जाडीची, निर्जंतुक, पाकीटबंद चकती पशुवैद्याच्या कपाटात सहज उपलब्ध नाही.

ब्राझीलने या बाबतीत एक वेगळीच वाट धरली. तिथल्या सिअरा राज्यात तिलापिया माशाची कातडी भाजलेल्या रुग्णांसाठी वापरण्याचे प्रयोग झाले आणि त्याच कातडीचा पेशीमुक्त पापुद्रा पशुनेत्रवैद्यांनी कुत्र्यांच्या फाटलेल्या पारपटलावर शिवून पाहिला. मासे कापणाऱ्यांकडे ही कातडी फेकण्यातच जाते. नागपूरच्या विद्यापीठाच्या नावातच ‘पशू व मत्स्य विज्ञान’ आहे, हे या संदर्भात सहज आठवावे.

कच्च्या मालाला कायद्याची आणि भावनेची बाजूही आहे. महाराष्ट्रात २०१५च्या दुरुस्तीनंतर गाय, वळू आणि बैल यांच्या कत्तलीवर बंदी आहे. म्हैस त्यातून वगळलेली आहे. त्यामुळे इथे हृदयावरणाचा विचार करायचा तो म्हशीचाच. डुकराच्या पापुद्र्याला काही घरांतून नकार येऊ शकतो आणि तो विचारून घेणे हे डॉक्टरांचे काम आहे. वारेच्या पडद्यासाठी कोणालाच मारावे लागत नाही, हा त्याचा आणखी एक फायदा. शिवाय २०२० पासून माणसांसाठीच नव्हे तर प्राण्यांसाठीची वैद्यकीय उपकरणेही केंद्राच्या औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत, त्यामुळे असे ठिगळ बनवून विकायचे तर परवाना आलाच.

शस्त्रक्रिया कशी होते?

प्राण्याला पूर्ण भूल द्यावी लागते. भुलीत डोळा खाली वळतो, म्हणून तो मध्यावर आणण्यासाठी स्नायू सैल करणारी औषधे किंवा आधाराचे टाके वापरतात. सूक्ष्मदर्शकाखाली जखमेतला सडलेला भाग खरवडून काढायचा, कडा घट्ट लागेपर्यंत. मग ठिगळ जखमेपेक्षा किंचित मोठे कापायचे आणि ८-० किंवा ९-० क्रमांकाच्या, केसाहून बारीक धाग्याने कडेने शिवायचे. सुई आरपार जाता कामा नये. अर्धा मिलिमीटर जाडीतल्या अर्ध्याच भागातून ती फिरवायची. जखम फार खोल असेल तर ठिगळाचे दोन थर, किंवा खाली ठिगळ आणि वर डोळ्याच्याच त्वचेची पट्टी. शेवटी पापण्या काही दिवसांसाठी अर्धवट शिवतात किंवा तिसरी पापणी वर ओढून झाकण करतात.

पुढचे आठवडे जास्त कठीण असतात. मालकाला दिवसातून अनेक वेळा थेंब घालावे लागतात आणि गळ्यात प्लास्टिकचा फनेल ठेवावा लागतो. सुरुवातीला डोळा भयंकर दिसतो. ठिगळ पिवळट, फुगलेले, मग लाल, कारण त्यात रक्तवाहिन्या शिरतात. बिघडले म्हणून लोक घाबरतात. खरे तर याच टप्प्यावर ते रुजत असते. काही आठवड्यांनी लाली ओसरते आणि धूसर डाग उरतो. तो त्वचेच्या पट्टीपेक्षा पातळ असतो, आणि अनेक प्राण्यांत काही महिन्यांत आणखी फिकट होतो.

रुग्ण सांगितलेले ऐकत नाही, ही पशुवैद्यकाची कायमची अडचण. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण नागपूरचेच आहे. सापळ्यात पंजा गमावलेल्या ‘साहेबराव’ वाघाला २०२० च्या जानेवारीत गोरेवाड्यात कृत्रिम पंजा बसवला गेला. शुद्धीवर आल्यावर त्याने तो काढून टाकला. बिबट्याच्या डोळ्यावर ठिगळ शिवले तरी दर दोन तासांनी थेंब कोण घालणार, हा प्रश्न उरतोच. तिथे आपोआप विरघळणारे टाके आणि एकदाच टोचायची दीर्घकाळ टिकणारी औषधे यांवरच भिस्त ठेवावी लागते.

मग हे ठिगळ जुन्या पद्धतीपेक्षा सरस का?

सरसकट नाही. विरघळणारी, जंतूंनी भरलेली जखम असेल, तर रक्तपुरवठा नसलेले ठिगळ स्वतःच विरघळू शकते. त्याला सोबत रक्त नसते, त्यामुळे ते यजमानाच्या वेगावर अवलंबून. अशा वेळी जुनी त्वचेची पट्टीच भरवशाची. जखम स्वच्छ, खोल आणि मध्यावर असेल किंवा मांजराचा काळा चकंदळ काढल्यावरचा खड्डा असेल, तर ठिगळ उजवे ठरते, कारण नजर जास्त राहते. आणखी एक गोष्ट मान्य करायला हवी. या विषयावरचे बहुतेक अभ्यास थोड्या प्राण्यांवरचे, एकाच रुग्णालयातले आणि मागाहून नोंदी चाळून केलेले आहेत. दोन पद्धती समोरासमोर ठेवून मोठ्या संख्येने तुलना करणारे काम कमी आहे. त्यामुळे ‘चमत्कारी ठिगळ’ असे कोणी सांगत असेल, तर दोन प्रश्न जास्त विचारावेत.

माणसाशी याचा संबंध काय?

पारपटल रोपणाचा इतिहासच एका प्राण्याच्या डोळ्यापासून सुरू होतो. डब्लिनचे शल्यविशारद सॅम्युएल बिगर हे इजिप्तमध्ये बदूंच्या कैदेत असताना त्यांनी एका पाळीव कुरंगाच्या डोळ्यात दुसऱ्या कुरंगाचे पारपटल बसवले. त्याचा वृत्तांत त्यांनी १८३७ साली मांडला. माणसात हे यशस्वी व्हायला १९०५ उजाडावे लागले. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स इथे एडुआर्ड झिर्म यांनी ते केले. आता चक्र पुन्हा फिरते आहे. स्वीडनच्या लिंकशॉपिंग विद्यापीठातील संशोधकांनी डुकराच्या कातडीतल्या शुद्ध कोलॅजेनपासून पारपटलाचा पर्याय बनवला आणि भारत व इराणमधील वीस रुग्णांवर तो वापरला. २०२२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या वीस जणांपैकी चौदा जण आधी अंध होते. दोन वर्षांनंतर त्यांपैकी कोणीही अंध नव्हते. जगात सुमारे सव्वा कोटी लोक पारपटलाच्या प्रतीक्षेत असल्याचा अंदाज असताना ही बाब किरकोळ नाही.

नागपूर-विदर्भात काय शक्य आहे?

१९५८ मध्ये सुरू झालेले नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि २००० साली स्थापन झालेले महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, म्हणजे ‘माफसू’, ही इथली जमेची बाजू. मात्र पशुनेत्रवैद्यक हा आपल्याकडे शल्यचिकित्सेच्या पदव्युत्तर शिक्षणाचाच एक भाग मानला जातो. सूक्ष्मदर्शकाखाली सतत डोळेच शिवणारे पशुवैद्य मोजके आणि तेही मोठ्या शहरांत. आयात केलेल्या चकतीची किंमत पगच्या मालकाला कदाचित परवडेल. बैलजोडीतल्या एका बैलासाठी तेवढा खर्च करायला सांगणे अवघड. काणा बैल बाजारात पडेल भावाने जातो, जोडीत नीट चालत नाही, त्या बाजूने आलेल्या माणसाला बिचकतो. तरीही शेतकऱ्याचा हिशेब वेगळा असतो आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. त्याच्यासाठी स्थानिक, तपासलेल्या म्हशीच्या पडद्याचा साठा एखाद्या शिक्षण रुग्णालयात असणे हाच परवडणारा मार्ग.

आणि तालुक्याच्या दवाखान्यात तर ठिगळाच्याही आधीची गोष्ट करता येते. फ्लुओरेसीनची पट्टी तिथे ठेवता येते. जनावराच्याच शिरेतून रक्त काढून, ते गोठू देऊन, वर आलेला पिवळा द्रव म्हणजे सीरम निर्जंतुक बाटलीत घेता येते. कोलॅजेन पचवणाऱ्या विकरांना आवरणारी द्रव्ये त्यात नैसर्गिकरीत्याच असतात. तो फ्रिजमध्ये ठेवून दर एक-दोन तासांनी एक थेंब प्रतिजैविकाच्या जोडीने घालायचा आणि आठवड्याने नवा काढायचा. दवाखाना लांब असेल तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलावता येते. तोवर डोळ्याला पाणी, मीठ, तंबाखू, घरातले थेंब, काहीच घालायचे नाही. जनावर सावलीत बांधायचे, डोळा चोळता येणार नाही असे बघायचे आणि हिरव्या कड्यात काळा ठिपका दिसला तर त्याच दिवशी नागपूरची गाडी धरायची.